विजेच्या खोलीतून आलेले क्ष-किरण : सुरुवातीचे एक्स-रे आणि विजेचे उपचार यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एक्स-रे विभागात नोकरीला होतो तेव्हा पेशंट ‘फोटो’ काढायला आमच्याकडे यायचे, कॅन्सरचे पेशंट ‘शेक’, म्हणजे किरणांचा उपचार, घ्यायला पलीकडे जायचे आणि कंबर-मान धरलेले लोक फिजिओथेरपीत ‘करंट’ लावून घ्यायचे. तीन विभाग, तीन रांगा. या तिन्हींचं मूळ घर एकच होतं, हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यापासून मी त्याविषयी मिळेल ते वाचत आलो. पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि टेक्निशियनचा कोर्स करणारी मुलं यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

शोध लागल्यानंतर क्ष-किरण दवाखान्यात यायला किती वर्षं लागली?

वर्षं लागलीच नाहीत, काही दिवसांत ते आले. जर्मनीतल्या वुर्झबुर्ग विद्यापीठात विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी हे किरण प्रथम जाणवले. पुढचे काही आठवडे ते प्रयोगशाळेतून फारसे बाहेर पडलेच नाहीत. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी आना बेर्था यांच्या हाताचा फोटो घेतला. तीच ती हाडांची बोटं आणि त्यांवर अधांतरी दिसणारी अंगठी. १ जानेवारी १८९६ ला त्यांनी निबंधाच्या छापील प्रती ओळखीच्या शास्त्रज्ञांना टपालाने पाठवल्या आणि ५ जानेवारीला व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात बातमी आली.

११ जानेवारीला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे डॉक्टर जॉन हॉल-एडवर्ड्स यांनी एका सहकाऱ्याच्या हातात कातडीखाली ठेवलेल्या सुईचा फोटो काढला. ३ फेब्रुवारीला अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात, बर्फावर स्केटिंग करताना मनगट मोडलेल्या शाळकरी मुलाचं हाड तपासलं गेलं. १४ फेब्रुवारीला हॉल-एडवर्ड्स यांच्याच फोटोवरून शस्त्रक्रिया झाली. राँटगेन यांनी पेटंट घेतलं नाही, त्यामुळे ज्याच्याकडे सामान होतं त्याला उद्यापासून काम सुरू करता येत होतं.

मराठीत ‘क्ष’ का म्हणतात?

राँटगेन यांना हे किरण कशाचे बनले आहेत ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी बीजगणितातल्या अज्ञात राशीचं अक्षर त्यांना दिलं. आपल्या बीजगणितात ती जागा ‘क्ष’ची. ‘ती संख्या क्ष मानू’ हे वाक्य शाळेत आपण सगळ्यांनीच लिहिलेलं आहे. मला हे भाषांतर फार आवडतं, कारण त्यात मूळ कबुली जशीच्या तशी उतरली आहे. जर्मन लोक मात्र आजही त्यांना राँटगेनचेच किरण म्हणतात.

इतक्या झटपट यंत्रं आली कुठून?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. क्ष-किरण काढायला तेव्हा दोन वस्तू लागत : हवा जवळजवळ संपूर्ण काढून टाकलेली काचेची क्रूक्स नळी, आणि तिला हजारो व्होल्टचा दाब देणारं काहीतरी, म्हणजे इंडक्शन कॉइल किंवा फिरत्या तबकड्यांचं, स्थिर वीज तयार करणारं यंत्र. नळी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मिळे. कॉइल आणि तबकड्यांची यंत्रं मात्र मोठ्या इस्पितळांत आधीपासून होती, कारण तिथे विजेने उपचार करण्यासाठी वेगळी खोलीच असे.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात अशी खोली १८३६ मध्ये सुरू झाली होती. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जॉन मॅकिन्टायर हे नाक-कान-घशाचे डॉक्टर विद्युत विभागही सांभाळत. १८९६ मध्ये त्यांनी त्याच विभागात क्ष-किरणांचं काम सुरू केलं, आणि जगातल्या अगदी पहिल्या एक्स-रे विभागांमध्ये त्याची गणना होते. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलातही हे काम विद्युत विभागाकडेच आलं. म्हणजे नवे किरण आले ते विजेच्या खोलीच्या दारातून. त्या खोलीतली माणसं, सामान आणि सवयी त्यांना जन्मतःच मिळाल्या. पुढे जे चांगलं झालं आणि जे भयंकर झालं, त्या दोन्हींचा धागा इथे सापडतो.

विजेचा उपचार म्हणजे नेमकं काय करायचे?

अनेक प्रकार होते आणि ते काळाप्रमाणे बदलत गेले. सगळ्यात जुना प्रकार जिवंत माशाचा. रोमन काळातला वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने डोकेदुखीवर आणि गाउटवर विजेचा झटका देणारा टॉर्पेडो मासा लावायला सांगितलं होतं.

अठराव्या शतकात घर्षणाने वीज तयार करायची यंत्रं आली आणि १७४५-४६ च्या सुमारास ती साठवणारी लायडन बरणी. मग पेशंटला काचेच्या पायांच्या स्टुलावर बसवून त्याच्या अंगात वीज भरायची आणि दुखऱ्या जागेजवळ धातूचा गोळा नेऊन ठिणग्या काढायच्या. गाय्ज हॉस्पिटलात गोल्डिंग बर्ड अंग आपोआप हलण्याच्या ‘कोरिया’ नावाच्या विकारात पाठीच्या कण्यावरून अशा ठिणग्या देत.

१८०० मध्ये व्होल्टाने बॅटरी केली आणि सतत वाहणारा प्रवाह हाती आला. १८३१ मध्ये फॅरेडेने प्रवर्तनाचा शोध लावल्यावर तुटक तुटक, स्नायू आकसवणारा प्रवाह मिळाला. पहिल्याला गॅल्व्हानिक आणि दुसऱ्याला फॅराडिक म्हणू लागले. हे दोन्ही शब्द आमच्या इस्पितळाच्या फिजिओथेरपीच्या नोंदवहीत मी स्वतः वाचले आहेत. १८९० च्या दशकात पॅरिसमध्ये दार्सोन्व्हाल यांनी दाखवलं की प्रवाहाची दिशा सेकंदाला लाखो वेळा बदलली, तर तो शरीरातून जातो आणि झटका मात्र बसत नाही, शरीराला ऊब लागते. डायथर्मी, म्हणजे विजेने अंगाला आतून ऊब देण्याचा उपचार, आली ती यातून.

त्याने पेशंट बरे व्हायचे का?

थोडे व्हायचे, बरेचसे नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांच्याकडे पक्षाघाताचे रोगी येत. त्यांनी १७५७ मध्ये प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की झटक्यांनंतर काही दिवस सुधारणा वाटते, पण टिकणारा फायदा आपल्याला दिसला नाही. थोडी फार सुधारणा झाली तीही प्रवासाचा व्यायाम आणि बरं होण्याची उमेद यांमुळे असेल, असंही त्यांना वाटलं. आजचा एखादा संशोधक याहून नेमकं काय बोलेल?

खरं काम झालं ते निदानात. पॅरिसचे डॉक्टर द्युशेन यांनी फॅराडिक प्रवाह कातडीवरून एकेका स्नायूला देऊन कोणता स्नायू काय करतो याचा नकाशाच तयार केला. स्नायूची नस शाबूत असेल तर तो एका रीतीने आकसतो, नस मेली असेल तर वेगळ्या. यावरून लकव्याचं मूळ कुठे आहे ते सांगता येऊ लागलं. आज नसांचा वेग मोजण्याची जी तपासणी होते, ती याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

खोलीतले उपचार मात्र संधिवात, अशक्तपणा, बद्धकोष्ठ, उदासी, नपुंसकता अशा सगळ्यांवर चालत. एकच यंत्र सर्व रोगांवर चालवून पाहायचं, ही त्या खोलीची सवय होती.

पहिले एक्स-रे कसे काढायचे? किती वेळ लागायचा?

नळीत किंचित हवा शिल्लक असे आणि तिच्यावर सगळं अवलंबून राही. वापरता वापरता ती हवा कमी होई, मग नळी ‘कठीण’ होई, म्हणजे किरण जास्त भेदक निघत आणि हाड-मांसातला फरक पुसट होई. मग नळी थोडी तापवून तिच्यात पुन्हा हवा सुटेल असं करत. प्रत्येक नळीचा स्वभाव निराळा. सकाळी चांगली चाललेली दुपारी बिघडे. यंत्र चालवणाऱ्याला तिच्या हिरवट उजेडावरून अंदाज बांधावा लागे.

फोटो काचेच्या प्लेटवर निघे. डार्टमथच्या त्या मुलाला मनगट सुमारे वीस मिनिटं स्थिर ठेवावं लागलं होतं, आणि कंबर किंवा मांडी यांसारख्या जाड भागांना तर याहून जास्त वेळ लागे. आम्ही सेकंदाच्या अंशात छाती काढतो आणि तरी ‘श्वास रोखा’ म्हणून ओरडतो, तेव्हा मोडलेल्या हाडाची वेदना सोसत वीस मिनिटं न हलता बसलेल्या त्या मुलाची मला आठवण होते.

१८९६ मध्येच मायकेल प्युपिन यांनी न्यूयॉर्कमध्ये चमकणारा पडदा प्लेटला भिडवून वेळ बराच कमी केला. पडदा उजेड देतो आणि प्लेट तो उजेड टिपते. फिल्मच्या काळातल्या कॅसेटमध्ये आम्ही हेच तत्त्व रोज वापरत होतो. नळीचा लहरीपणा मात्र १९१३ पर्यंत गेला नाही. त्या वर्षी विल्यम कूलिज यांनी तापलेल्या टंगस्टन तारेची, जवळजवळ पूर्ण निर्वात नळी केली. तेव्हापासून किरण किती आणि किती भेदक हे बटणावर ठरवता येऊ लागलं.

हाडं दिसतात हे समजलं. पण पोट, आतडी कशी दिसू लागली?

वॉल्टर कॅनन हे हार्वर्डचे वैद्यकीय विद्यार्थी होते. त्यांनी १८९६ च्या अखेरीस प्राण्यांना बिस्मथ मिसळलेलं खाणं घालून पडद्यावर ते पाहिलं. जड धातूचा क्षार किरण अडवतो, त्यामुळे घास अन्ननलिकेतून उतरताना दिसतो. १९०४ मध्ये म्युनिकच्या रीडर यांनी माणसांसाठी बिस्मथचं जेवण रूढ केलं. बिस्मथच्या काही क्षारांनी विषबाधा होई, म्हणून पुढे बेरियम सल्फेट आलं. तोच आजचा ‘बेरियम पाजून फोटो’.

भारताचा या सुरुवातीच्या काळाशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो बराच लवकरचा आहे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी स्वतः क्ष-किरणांचं यंत्र जुळवलं होतं. रवींद्रनाथ टागोरांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी डॉ. नीलरतन सरकार यांच्या, पाठीचं हाड मोडलेल्या पेशंटची तपासणी करायची असल्याचं कळवलं आहे. विद्युत-लहरींवर जगात आघाडीवर असलेला माणूस कोणाच्या तरी पाठीचा फोटो काढायला सकाळी कॉलेजात थांबतो, हे चित्र मला त्यांच्या मोठ्या प्रयोगांइतकंच मोलाचं वाटतं.

दुसरा धागा सैन्याचा. १८९७-९८ मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या तिराह मोहिमेत सर्जन-मेजर बीव्हर यांनी एक्स-रेचं यंत्र डोंगरात नेलं आणि जखमींच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या. १८९८ मध्ये सुदानच्या मोहिमेत मेजर बॅटर्सबी यांना बॅटऱ्या भरायला वीजच नव्हती, म्हणून दोन माणसांनी चालवायच्या सायकलला जनित्र जोडून ती पायडल मारून तयार करत. उन्हापासून यंत्र वाचवायला त्यावर ओला नमदा गुंडाळत. लाईट गेल्यावर ग्रामीण रुग्णालयात जनरेटरची वाट पाहिलेल्या माणसाला यातले कष्ट वेगळे सांगावे लागत नाहीत.

महाराष्ट्रापुरतं म्हणाल तर मोठा टप्पा पुढचा आहे. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पती दोराबजी टाटा यांच्या इच्छेतून उभं राहिलेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल मुंबईत परळला १९४१ मध्ये सुरू झालं. ‘टाटाला शेक चालू आहे’ हे वाक्य तेव्हापासून कितीतरी घरांत बोललं गेलं असेल.

फोटो काढायच्या किरणांनी उपचार करायची कल्पना कोणाला सुचली?

कल्पना आली अपघातांतून. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात एका मुलाच्या डोक्यातली गोळी शोधायची होती. त्याआधी चाचणी म्हणून १८९६ मध्ये डीन विल्यम डडली स्वतः नळीसमोर तासभर बसले. तीन आठवड्यांनी त्यांचे तेवढ्या भागातले केस गळून गेले.

अशा बातम्या वाचून व्हिएन्नाचे लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी १८९६ च्या नोव्हेंबरात पाच वर्षांच्या एका मुलीवर उपचार सुरू केला. तिच्या पाठीवर दाट केसांचा मोठा तीळ होता. रोज दोन तास किरण दिले. बाराव्या दिवशी केस पुंजक्यांनी गळू लागले. पण नंतर कातडी झडली, जखम झाली आणि ती फार काळ भरली नाही. ती मुलगी त्या पाठीचे व्रण घेऊन म्हातारपणापर्यंत जगली.

मग त्वचेचा क्षय, डोक्यातला नायटा, इसब, सगळ्यांवर किरण चालवले गेले. हीच विजेच्या खोलीची सवय. त्यातून खरा लाभही झाला : १८९९ मध्ये स्टॉकहोमला स्टेनबेक आणि शोग्रेन यांनी कातडीचा कॅन्सर किरणांनी बरा केला. नायट्याचं मात्र वाईट झालं. केस गाळण्यासाठी हजारो मुलांच्या डोक्याला किरण दिले गेले, आणि अनेक दशकांनी त्यांच्यात मेंदूच्या व थायरॉइडच्या गाठी जास्त आढळल्या.

धोका कोणाला कळलाच नव्हता का?

कळला होता, पहिल्याच वर्षी. खोट होती ती त्याचं कारण भलतंच मानण्यात. किरण दिसत नाहीत, जाणवत नाहीत आणि त्यांचा परिणाम दिसायला दिवस-आठवडे जातात. शेजारी कॉइल कडकडत असते, ठिणग्या उडतात, हवेत ओझोनचा वास भरलेला असतो. ज्यांनी आयुष्यभर विजेचे उपचार दिले त्यांना भाजण्याचं कारण वीजच वाटलं. निकोला टेस्ला ओझोनला दोष देत. फ्रॉइंड यांनाही आपला उपचार विजेच्या विसर्गाने होतो असंच वाटे.

१८९६ मध्ये एलिहू थॉमसन यांनी मुद्दाम आपली करंगळी नळीपुढे धरली आणि ती सुजून फोडांनी भरल्यावर सावधगिरीचा इशारा छापून दिला. १९०० मध्ये व्हिएन्नात कीनबॉक यांनी दाखवून दिलं की परिणाम क्ष-किरणांचाच आहे. १९०१ मध्ये बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी गिनीपिगला वीज पोहोचणार नाही अशा पेटीत ठेवून किरण दिले. तो मेला. रोलिन्स यांनी नळीभोवती आवरण, शिशाच्या काचेचा चष्मा, हवा तेवढाच भाग उघडा ठेवणं, हे सगळं सुचवलं होतं. ते वेळीच ऐकलं गेलं असतं, तर पुढचे किती हात वाचले असते!

हात म्हणतो त्याला कारण आहे. नळी बरोबर चालते का हे पाहायला चालवणारा स्वतःचा हात तिच्यासमोर धरी आणि पडद्यावर हाडं बघे. दिवसातून अनेकदा, रोज. एडिसन यांचे मदतनीस क्लॅरेन्स डॅली यांचा डावा हात दुखू लागला तेव्हा ते उजवा धरू लागले. दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये ते गेले. एडिसन यांनी क्ष-किरणांचं काम सोडून दिलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या एलिझाबेथ फ्लाइशमन या हिशेबनीस बाई होत्या. १८९६ मध्ये हे काम त्या स्वतःच्या बळावर शिकल्या आणि फिलिपिन्सहून परतलेल्या जखमी सैनिकांचे त्यांनी काढलेले फोटो डॉक्टर वाखाणत. १९०५ मध्ये आधी त्यांचा हात गेला, मग त्या स्वतः. बर्मिंगहॅमच्या हॉल-एडवर्ड्स यांचा डावा हात १९०८ मध्ये कापला आणि उजव्या हाताची चार बोटंही गेली. लंडन हॉस्पिटलच्या विभागातल्या मदतनिसांच्या हातांचीही हीच गत झाली.

१९३६ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये सेंट गेऑर्ग इस्पितळाच्या आवारात या लोकांचं स्मारक उभं राहिलं. त्यावर अनेक देशांतली नावं आहेत, डॉक्टरांबरोबर टेक्निशियन आणि नर्सचीही. नंतर त्यांत भर पडून संख्या साडेतीनशेच्या वर गेली. विभागात नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे सांगत आलो आहे. शिशाचा अ‍ॅप्रन जड होतो, अंगावर पडलेले किरण मोजणारा छातीवरचा बॅज विसरतो अशी तक्रार करणाऱ्याला तर दोनदा.

तेव्हा डोस मोजायचे कसे?

आधी कातडी लाल होईपर्यंत. पेशंटची त्वचा हेच माप. १९०२ मध्ये होल्झक्नेख्ट यांनी आणि १९०४ मध्ये पॅरिसच्या साबुरो व न्वारे यांनी किरणांनी रंग बदलणाऱ्या टिकल्या केल्या. हिरवी टिकली ठरावीक तपकिरी छटेला आली की यंत्र बंद. सगळ्या जगाने मान्य केलेलं एकक १९२८ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत ठरलं आणि संरक्षणाचे आंतरराष्ट्रीय नियमही तिथूनच सुरू झाले. शोधापासून तेहतीस वर्षांनी.

यात फसवणूकही झाली असेल ना?

पुष्कळ. कमरेला बांधायचे विजेचे पट्टे ‘हरवलेली ताकद’ परत देतो म्हणून विकले गेले. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ब्युटी पार्लरमध्ये बायकांच्या चेहऱ्यावरचे केस एक्स-रेने काढायचं दुकान चाललं. ‘वेदना नाही’ ही जाहिरात खरी होती, व्रण आणि कॅन्सर नंतर आले. चपलांच्या दुकानांत लहान मुलांचा पाय बुटात नीट बसतो का ते पाहायला एक्स-रेची पेटी ठेवत. गिऱ्हाईक खेचण्यासाठी मुलांना किरण देण्याचा हा प्रकार अनेक दशकं चालला, याचा मला आजही संताप येतो.

मग विजेचे उपचार गेले कुठे?

विभागून गेले. फॅराडिक आणि डायथर्मी फिजिओथेरपीत राहिली. शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी बंद करणारी कॉटरी ही उच्च-वारंवारतेच्या प्रवाहाचीच करामत. १९३८ मध्ये रोमला चेर्लेत्ती आणि बिनी यांनी मेंदूला दिलेला ‘शॉक’ आज भूल देऊन, तीव्र नैराश्यासारख्या आजारांत दिला जातो. १९४७ मध्ये क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर थरथरणारं हृदय झटक्याने पुन्हा चालू केलं. पेसमेकरही याच घराण्यातला.

हे वाचून आता एक्स-रेची भीती वाटते. काढावा की नाही?

डॉक्टरांनी कारण असल्यामुळे सांगितला असेल तर जरूर काढा. छातीच्या एका फोटोत मिळणारा डोस ०.१ मिलिसिव्हर्टच्या (किरणांचा डोस मोजायचं आजचं एकक) आत असतो. जमीन, हवा आणि आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो. सीटी स्कॅनचा डोस बराच जास्त, म्हणून तो विनाकारण ‘एकदा करून टाकू’ म्हणून नको. गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर टेक्निशियनला आधी सांगा. जुने फोटो आणि रिपोर्ट जपून ठेवा आणि दाखवा, कितीतरी वेळा नवा काढावाच लागत नाही.

आजोबांच्या ट्रंकेत काचेची जुनी एक्स-रे प्लेट सापडली. घरात ठेवली तर धोका आहे का?

नाही. प्लेटमध्ये किरण साठून राहत नाहीत. ती काचेवरची जिलेटिन आणि चांदीची फोटो-प्लेट आहे, एवढंच. कडांना धरा, धुऊ किंवा पुसू नका, आम्लविरहित कागदात गुंडाळून कोरड्या जागी उभी ठेवा. पाकिटावर नाव, तारीख, इस्पितळ लिहिलेलं असेल तर पाकीटही टाकू नका. काचेची जुनी नळी असेल तर ती आतून निर्वात असते, पडली तर काचा जोरात उडतात, तेव्हा मुलांपासून लांब ठेवा. लाकडी पेटीतलं विजेच्या उपचाराचं यंत्र मिळालं तर सुरू होतं का ते पाहायला त्याची पिन भिंतीत घालू नका. त्याच्या तारांवरचं आवरण कधीच कुजलेलं असतं. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला किंवा वस्तुसंग्रहालयाला विचारा. असं सामान जपायला आनंदाने तयार असणारी माणसं मला भेटली आहेत.